धडधड, नॉर्मल ईसीजी आणि त्यानंतरचे १४ मंगळवार

सांजवात | सोमवार, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. गेल्या महिन्यात इथेच कुणीतरी विचारलं होतं, "लोकलमध्ये अचानक आता आपण मरणार असं वाटतं, कुणाला होतं का असं?" खाली "टेन्शन घेऊ नकोस गं", "बी-१२ तपासून घे" असे चार प्रतिसाद आले आणि विषय मागे पडला. तेव्हाच ठरवलं, मला हेच झालं होतं आणि थेरपीने ते कसं कमी झालं, हे आपण सविस्तर लिहायचं.

मी ४१ वर्षांची. राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. घरी नवरा, आठवीतली मुलगी, सासूबाई. अडीच वर्षांपूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दिवा स्टेशन मागे पडलं आणि छातीत धडधडायला लागलं. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, कानात दडे बसलेले, श्वास वर चढतोय पण खाली उतरतच नाही. हा अटॅकच, अशी माझी खात्री झाली. शेजारच्या बाईने उठून मला बसवलं, कुणी पाणी दिलं, कुणी ओढणीने वारा घातला. ठाण्याला दोघी माझ्याबरोबर उतरल्या. त्यांना त्या दिवशी लेटमार्क लागला असणार. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

ईसीजी नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये, टेन्शन कमी करा." घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांचा माझ्यावर जीव आहे, त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. पण "काही नाहीये" ऐकून मला धीर येण्याऐवजी जास्तच भीती वाटली. काही नाही, तर मग मला झालं ते काय होतं?

पुढचे आठ महिने मी फक्त टाळत गेले. फास्ट सोडून स्लो पकडू लागले, कारण स्लो सारखी थांबते, उतरता येतं. मग स्लोमध्येही दारापाशीच उभी. मग पर्समध्ये पाण्याची बाटली, आणि "लागली तर घ्या" म्हणून लिहून मिळालेली अल्प्राझोलमची, म्हणजे घाबरं झाल्यावर घ्यायच्या गोळीची पट्टी. पट्टी आहे ना, हे दिव्याला एकदा आणि मुंब्र्याला एकदा हाताने चाचपायचे. मग आठवड्याला एक-दोन रजा. मग लिफ्ट नको, थिएटर नको, मुलीच्या गॅदरिंगला मधल्या रांगेत खुर्ची नको. टाळलं की हायसं वाटायचं, आणि आठवड्याभरात टाळायच्या यादीत आणखी एक भर पडायची.

शेवटी ऑफिसातल्या एका मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं की त्यांनाही हे होऊन गेलंय, आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा नंबर दिला. दर मंगळवारी संध्याकाळी ६ वाजता, ५० मिनिटं. फी १२०० रुपये. एकूण १४ भेटी झाल्या.

मला वाटलं होतं, कोचावर पडून लहानपण सांगायचं असतं. तसं काही नव्हतं. पहिल्या दिवशी चिंता किती आहे ते मोजणारा ७ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, माझे २१ पैकी १६ आले. मग बाईंनी (मी त्यांना बाईच म्हणते) कागदावर एक डोंगर काढला. म्हणाल्या, "पॅनिक, म्हणजे अशी अचानक उसळलेली भीती, असं चढतं, साधारण दहा मिनिटांत माथ्याला पोचतं आणि मग उतरतं. तुम्ही उतार कधी बघितलाच नाहीत, कारण दर वेळी माथा यायच्या आत स्टेशनवर उतरून गेलात."

तिसऱ्या भेटीत त्यांनी मला नाक दाबून स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, घड्याळ लावून एक मिनिट. मग जागच्या जागी पळायला. मग फिरत्या खुर्चीत गरगर. धडधड, चक्कर, गुदमरणं, सगळं अगदी लोकलसारखं आलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून ते बघत राहिलो. ४ मिनिटांत ओसरलं. गोळी नाही, पाणी नाही, कुणाचा हात धरणं नाही. मी तिथे बसून रडले.

मग भीतीच्या पायऱ्या लिहिल्या. सगळ्यात खालची: डोंबिवलीच्या फलाटावर दुपारी १५ मिनिटं उभं राहायचं, गाडी न पकडता. भीती १०० पैकी ३०. त्यावर दुपारच्या स्लोने कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, मग गर्दीच्या वेळची स्लो. सगळ्यात वर सकाळची फास्ट, डब्याच्या मधोमध उभं राहून, पर्समध्ये पट्टी न ठेवता: ९५. एका छोट्या वहीत चढताना किती, मध्ये किती, उतरताना किती, असे आकडे मांडायचे. ती वही अजून आहे. कोपरच्या पानावरचं अक्षर माझं मला लागत नाही, इतका हात थरथरत होता.

पण मला मुख्य लिहायचंय ते सहाव्या मंगळवारचं. लोकलची भीती ओसरत होती, तरी दिवसभर जीव कुठे ना कुठे टांगलेला असायचाच. बाईंनी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं "काळजी घेतली", उजवीकडे "काळजी केली". एका दिवसाचं मांडून आणा म्हणाल्या. मुलीचा डबा, छत्री, रिक्षाचे सुट्टे पैसे, हे डावीकडे. ती क्लासला पोचल्याचा मेसेज आल्यावरही तिला दोनदा फोन, हे उजवीकडे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या वारानुसार डबीत भरल्या: डावीकडे. रात्री त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून श्वास चालू आहे ना ते ऐकलं, तीन वेळा: उजवीकडे. गॅसचा नॉब, नवऱ्याचं "पोचलो", बंद दाराचं कुलूप. झोपायच्या वेळी डावीकडे ९ ओळी होत्या आणि उजवीकडे ३४.

उजवीकडचं कमी करायचं म्हटल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "मग मी कसली आई?" बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. पुढचे तीन मंगळवार त्या एका वाक्यावर गेले. चांगल्या आईला काळजी वाटलीच पाहिजे, आणि सारखी वाटलीच पाहिजे. यातले "च" कुणी शिकवले? ज्यांच्याकडे हे "च" नाहीत अशा आया माझ्या ओळखीत आहेत का? त्यांची पोरं वाऱ्यावर आहेत का? माझ्या धाकट्या जावेचं नाव मला तिथल्या तिथे आठवलं. तिचा मुलगा मजेत आहे.

बाईच्या जातीला हे जड जातं, कारण तिच्या काळजी करण्याचं घरात कौतुक होतं. "आमची ही ना, जरा उशीर झाला की जेवत नाही." माझ्या आईबद्दल हे वाक्य मी लहानपणापासून अभिमानाने ऐकलंय. आता वाटतं, त्या माउलीला त्या उपाशी तासांत काय काय होत असेल.

आज मी सकाळची फास्ट पकडते. महिन्यातून कधीतरी धडधडतं, तेव्हा खांब धरून उतार येईपर्यंत थांबते. उजवीकडच्या ओळी अजून दहा-बारा निघतात.

तुमचे अनुभव लिहा. औषधांबद्दल, गावात कुणी मिळत नसेल तर काय केलंत त्याबद्दल, घरी कसं सांगितलंत त्याबद्दल. मी सगळ्यांना उत्तरं देईन.


पिंपळपान | सोमवार, रात्री ११:२५

कोपरच्या पानापाशी थांबून परत वाचलं.

माझं ४९ व्या वर्षी सुरू झालं. पहाटे ३ ला घामाने जाग यायची, छाती धडधडतेय, काहीतरी वाईट होणार असं वाटतंय. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, पाळी जाण्याच्या काळात हे होतं. त्यावर उपचार झाले, घाम कमी झाला. पण "आज रात्री परत होईल का" ही धास्ती संध्याकाळी ७ पासून लागायची, ती काही गेली नाही. तिच्यासाठी वेगळी थेरपी घ्यावी लागली. दोन वर्षं मी "हार्मोनचंच आहे" म्हणत बसले होते. तुमच्यापैकी कुणी त्या वयात असाल तर दोन्ही दारं ठोठावा.


नंदादीप | मंगळवार, सकाळी ७:१०

मनापासून विचारते, राग मानू नका. आमच्याकडे आई, आजी यांनी एवढं सोसलं. त्या रामरक्षा म्हणायच्या, जप करायच्या, त्यांचं निभावलं. मीही करते आणि मला खरंच शांत वाटतं. मग १२०० रुपये देऊन अनोळखी माणसापाशी घरचं बोलायची गरज का पडावी?


रानजाई | मंगळवार, सकाळी ९:३०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १६ वर्षं हेच काम करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण थोडं लिहिते.

नंदादीप, रामरक्षेने शांत वाटतं ना, मग ती मुळीच सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या दिवसात जप असतो आणि मी तो बंद करायला सांगत नाही. एवढंच बघा: जप झाल्यावर तुम्ही कामाला लागता, की जप चुकला तर घरात काही वाईट होईल या भीतीने पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसता? दुसरं असेल तर तो वेगळा त्रास आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आणि आईआजीचं निभावलं म्हणजे त्यांना त्रास झाला नाही असं मात्र नाही. त्यांच्या डोकेदुख्या, त्यांचा "अंगात कण नाही"चा धोशा, त्यांचं रात्र रात्र जागणं आठवून बघा.

आपल्याकडच्या बायका "मला चिंता वाटते" असं सांगत येत नाहीत. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, जीव घाबराघुबरा होतो, अंगावरून पांढरं जातं, असं सांगत येतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या शेवटच्या तक्रारीचा मोठा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशीच या तक्रारीचं नातं जास्त घट्ट निघालं. म्हणजे वर्षानुवर्षं बायका दवाखान्यात जाऊन सांगत होत्याच, ऐकणाऱ्याला ते फक्त शरीराचं ऐकू येत होतं. (तपासणी करायचीच. पण तपासणीत काही निघालं नाही म्हणून बाईला खोटं ठरवायचं नाही.)

चिंतेचे विकार बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतात. बायका मनाने कच्च्या असतात म्हणून नव्हे. शरीरातले बदल, डोक्यावरची न संपणारी कामं, रस्त्यावरची आणि घरातली असुरक्षितता, सगळं त्यात येतं.

सांजवात, तुमच्या बाईंनी जे केलं त्याला सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात, विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करायची पद्धत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. आणि तुमच्या त्या "च"चं मूळ त्याच्याही आधीचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही त्या वळणाचं काम मराठीतून चालतं. "असं व्हावं" आणि "असं झालंच पाहिजे" यातला फरक आपल्या भाषेत एका अक्षरात दाखवता येतो, म्हणून मराठी माणसाला ही पद्धत चटकन समजते.

कुणाकडे जायचं, यावर नेहमी गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्यांत उत्तम शिकलेलेही असतात आणि दोन दिवसांची कार्यशाळा केलेलेही. पहिल्याच भेटीत विचारा: तुमची पद्धत कोणती, साधारण किती भेटी लागतील, मला फरक पडतोय हे आपण कसं मोजणार? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.


सोनचाफा | मंगळवार, दुपारी १:०५

औषधांबद्दल मी लिहिते. मला नुसत्या थेरपीने जमलं नसतं, इतकी मी झोपेवाचून गळाले होते. एस्सिटालोप्राम हे चिंतेवरचं रोज घ्यायचं औषध १४ महिने घेतलं. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले, मळमळ आणि उलट जास्तच अस्वस्थ. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. पाचव्या आठवड्यात एक दिवस सकाळी चहा उकळताना लक्षात आलं की आज पोटात गोळा नाहीये.

माझी चूक सांगते. बरं वाटल्यावर मी आपल्याच मनाने गोळी बंद केली. चार दिवसांत चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. परत सुरू करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन महिन्यांत हळूहळू उतरवली, काही झालं नाही. घरी सगळे "झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल" म्हणत होते. सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची, त्या फार दिवस घेत राहिलात तर. ही त्या जातीची नव्हे.


रानजाई | मंगळवार, दुपारी २:२०

सोनचाफा, अगदी बरोबर. आणि अल्प्राझोलमही रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही डॉक्टरांना विचारूनच.

विम्याचंही सांगते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, नुसत्या भेटींचे नाही. पॉलिसी वाचून घ्या. आणि तुम्ही थेरपीत सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय नवऱ्याला, सासूला, ऑफिसला सांगता येत नाही. हा तुमचा हक्क त्याच कायद्यात आहे. जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद आहे.


कोकणकन्या | मंगळवार, रात्री ९:५०

आमचं गाव गुहागरच्या बाजूचं. इथे थेरपिस्ट कुठला! चिपळूणला जायचं तरी सबंध दिवस मोडतो आणि "कशाला चाललीस" हे दहा जणांना सांगावं लागतं. मला आधी देवळात नेऊन कौल लावला. मी श्रद्धेने गेले. कौल चांगला आला म्हणून घरचे निर्धास्त झाले, माझी धडधड तशीच.

मला आशाताईने टेली-मानसचा नंबर दिला, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे हे मला कुठे माहीत होतं! रात्री सगळे झोपल्यावर मागच्या पडवीत, पोफळीकडे तोंड करून, पदर तोंडावर धरून बोलले. पलीकडची मुलगी घाई करत नव्हती. तिनेच सांगितलं की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रत्नागिरीला गेले. थायरॉइडही निघालं माझं, आणि चिंताही. आता दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत, आणि पंधरा दिवसांनी एकदा तिथल्या समुपदेशक मॅडम फोनवर बोलतात. त्यांनी दिलेला एक उपाय: काळजीला वेळ ठरवून द्यायची. माझी संध्याकाळी ५:३० ते ५:५०. दिवसभरात काही मनात आलं की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक शब्द लिहायचा आणि म्हणायचं, साडेपाचला बघू. साडेपाचला बघते तर निम्म्या शब्दांचं काय होतं तेच आठवत नाही.


सांजवात | मंगळवार, रात्री १०:१५

कोकणकन्या, किती निगुतीने मार्ग काढलात! ज्यांना फी परवडत नाही त्यांनी तुमचा प्रतिसाद आधी वाचावा.


अनामिका_२ | बुधवार, सकाळी ११:००

माझा अनुभव चांगला नाही, तोही इथे असावा. ज्यांच्याकडे गेले त्यांनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं, "एक मूल होऊ दे, सगळं ठीक होईल, थोडं अ‍ॅडजस्ट करा." माझा नवरा माझा फोन तपासतो, पगार काढून घेतो, एकदा हात उगारून झालाय. त्याच्या गाडीचा आवाज आला की माझी धडधड सुरू होते. मला श्वासाचे व्यायाम शिकवले.


रानजाई | बुधवार, सकाळी ११:४०

अनामिका, तुमची धडधड खोटा अलार्म नाही. समोर खरा धोका आहे आणि शरीर त्याचीच वर्दी देतंय. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. थेरपीचं काम बाईला मार सोसायला तयार करणं हे नव्हे. अशा वेळी सुरक्षितता आधी, व्यायाम नंतर.

१८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, चोवीस तास चालतो. तुम्ही मुंबईत असाल तर पालिकेच्या रुग्णालयांत घरातला छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारी "दिलासा" केंद्रं आहेत. पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास सेहत संस्थेच्या मदतीने सुरू झालं. दवाखान्यात जायचं कारण सांगून घराबाहेर पडता येतं, हाच त्यामागचा विचार. फोन तपासला जातो म्हणताय, तर हा धागा बघून झाल्यावर हिस्टरी पुसा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करत नाही, तो तुमच्या फोनवर दिसेल.


दूरदेशी | बुधवार, दुपारी ४:३०

न्यू जर्सीहून. इथे थेरपिस्ट सहज मिळाली, चांगलीही होती. पण "जीव टांगणीला लागतो" हे मी तिला इंग्रजीत तीन वेळा सांगून बघितलं आणि तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी सांगून बसले. आईला रोज रात्री फोन केला नाही तर अपराधी वाटतं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, आईशी अंतर ठेवा. मला अंतर नको होतं, फोनच्या आधीची धास्ती नको होती. आता मराठी बोलणारी एक थेरपिस्ट मिळाली. परदेशातल्यांनी एवढं बघा की इथे परवाना राज्यागणिक असतो, आपल्या राज्यात तिला काम करता येतं का ते आधी विचारावं. पहिल्या भेटीत मी "धास्ती" म्हटलं आणि तिने नुसती मान हलवली. पुढचं बोलणं सोपं झालं.


राघव | बुधवार, रात्री ८:१५

धागा बायकांसाठी आहे, तरी विचारतो. बायकोला रात्री पॅनिक येतं. मी "काही होत नाही, मी आहे ना" म्हणत राहतो, तीन वेळा कॅज्युअल्टीत घेऊन गेलो, दर वेळी ईसीजी नॉर्मल. ती मला रात्रीतून वीस वेळा विचारते, "मला काही होणार नाही ना?" मी वीस वेळा "नाही" म्हणतो. माझं काही चुकतंय का?


रानजाई | बुधवार, रात्री ९:००

राघव, पहिल्या वेळी दवाखान्यात नेलंत ते बरोबरच केलंत. छातीत दुखणं नवीन असेल, वेगळं असेल, हातात-जबड्यात जात असेल तर आजही न्यायचंच. पण डॉक्टरांनी तपासून पॅनिक म्हटलं असेल, तर तुमचं विसावं "नाही" तिला दहा मिनिटं पुरतं आणि एकविसावा प्रश्न तयार करतं. तिच्याशी दिवसा, ती शांत असताना बोला. दोघांनी मिळून ठरवा की रात्री विचारलं तर तुम्ही एकदाच उत्तर द्याल आणि मग म्हणाल, "चढतंय ना, आपण उतरेपर्यंत बसू." आणि खरंच बसा. दिवा लावा, घड्याळ समोर ठेवा. न ठरवता अचानक उत्तर देणं बंद केलंत तर तिला एकटं टाकल्यासारखं वाटेल. आणि एकदा तिच्याबरोबर थेरपिस्टकडे जा.


आबोली | गुरुवार, पहाटे २:५०

नवीन आयडी काढून लिहितेय. बाळ ४ महिन्यांचं आहे. त्याला घेऊन गॅलरीत गेले की डोळ्यांपुढे येतं की माझ्या हातून ते खाली पडलं, किंवा मीच टाकलं. मला असं काहीही करायचं नाहीये. मला त्याच्याशिवाय काही सुचत नाही. तीन आठवडे झाले, गॅलरीचं दार लावून घेतलंय, दुपटी आत खुर्चीवर वाळवते. कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील. मी वेडी होतेय का?


रानजाई | गुरुवार, सकाळी ६:१५

आबोली, आत्ताच वाचलं. नको असलेले असे भयंकर विचार कितीतरी नव्या आयांच्या मनात येऊन जातात. त्या कुणाला सांगत नाहीत म्हणून प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटतं. तुम्हाला तो विचार आल्यावर घाबरायला होतं, तुम्ही दार लावून घेता, यावरून असं वाटतं की तो तुमच्या इच्छेच्या विरुद्ध आहे. चिंतेत असंच होतं. पण खात्री समोर बसूनच करता येते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत, लागली तर ते ठरवतील.

एक मात्र नीट वाचा. आवाज ऐकू येत असतील, तो विचार बरोबर वाटायला लागला असेल, बाळात काही वाईट शिरलंय असं वाटत असेल, किंवा दिवसेंदिवस झोप न येऊनही थकवाच वाटत नसेल, तर आठवडा नाही, आजच्या आज रुग्णालय. घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा. रात्री २:५० ला एकट्या राहू नका, १४४१६ लावा.


सांजवात | गुरुवार, सकाळी ६:४०

आबोली, अगं, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठी समोर सरकव. मी पहिल्या मंगळवारी तेच केलं होतं. घरी कोण आहे तुझ्या बाजूचं?


आबोली | गुरुवार, दुपारी १२:२०

आवाज वगैरे काही नाही. थकवा तर इतका आहे की उभ्याउभ्या डोळे मिटतात. ताईला फोन केला, ती पुण्याहून निघाली आहे. चिठ्ठी लिहिली. चार ओळी आहेत. शनिवारी ११:३० ची वेळ मिळाली.


पिंपळपान | गुरुवार, दुपारी १२:५०

शनिवारी आम्ही सगळ्या इथे आहोत गं.


आबोली | शनिवार, सायंकाळी ५:१०

जाऊन आले. चिठ्ठी डॉक्टरांनी वाचली, ताई बाहेर थांबली होती. त्यांनी आधी विचारलं, सलग चार तास शेवटचं कधी झोपलात? मला आठवलंच नाही. रात्रीचं एक दूध काढून ठेवायचं आणि ते नवऱ्याने पाजायचं असं ठरलंय, त्याला समोर बसवून सांगितलं. चिठ्ठीतलं त्याला सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडलंय. एक गोळी दिली आहे, आणि दर शनिवारी थेरपी. बाळ काढून घेण्याचं कुणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर बाळ ताईच्या मांडीवर झोपलं. मी गॅलरीचं दार उघडलं आणि दुपटी बाहेर दोरीवर वाळत घातली. सहा होती.